शिया बटर की कोकमाचं तेल? घरी मलम करणाऱ्यांसाठी

मेण किती घालायचं, डबी काचेची घ्यायची की पत्र्याची, हे प्रश्न घरी मलम करणाऱ्याला फार वेळ छळत नाहीत. गाडी अडते ती बटरपाशी, म्हणजे बियांतून निघणाऱ्या, थिजणाऱ्या घट्ट तेलापाशी. यादीत कोको बटर असतं, आंब्याच्या कोयीचं बटरही असतं, पण माझ्या मते खरी निवड शिया आणि कोकम यांच्यातच करायची असते. कोकोचा चॉकलेटी वास दुसऱ्या कुठल्याही सुगंधाला जागा देत नाही. वास काढून टाकलेलं कोको मिळतं, पण मग ते कशासाठी घ्यायचं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. कोयीचं बटर चांगलं, मवाळ. पण शिया आणि कोकम यांच्या मध्ये कुठेतरी बसणारं. ही दोन्ही वापरून झाल्याशिवाय तिसऱ्याची गरज आहे की नाही ते कळत नाही.

मी बरीच वर्षं दोन्ही वापरतोय. राहतो नागपुरात, सासुरवाडी मालवणकडची. म्हणजे शिया कुरिअरने येतं आणि कोकमाचं तेल, तिकडे मुठेल म्हणतात ते, सासूबाई पाठवतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरून येणाऱ्या वस्तूकडे माणूस जरा झुकतोच. तेवढं वजा करून पुढचं वाचा.

शियाची बाजू आधी मांडतो, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला तेच सोपं जातं. पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात, घाना, बुर्किना फासो, माली या भागांत शियाची झाडं वाढतात. तिथल्या बायका बिया भाजून, दळून, पाण्यात हातांनी घुसळून हे लोणी काढतात. शुद्ध न केलेल्या शियाला जो धुरकट वास असतो तो त्या भाजण्याचा. मला तो आवडतो, घरात इतर कुणाला आवडत नाही. शिया बोटाने उचलता येतं, तळहातावर लगेच पसरतं, आणि फेटलं तर सुरेख फुगतं. फेटलेलं हलकं बॉडी बटर ज्यांना हवंय त्यांनी इथेच थांबून शिया घ्यावं. कोकम एकटं तसं फुगत नाही. शिवाय शियातला साबणात न बदलणारा अंश इतर बटरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि त्वचेवर त्याचा मऊपणा टिकतो तो बहुधा त्यामुळेच, असं जाणकार सांगतात. मी एवढंच सांगू शकतो की थंडीत आईच्या नडग्यांवर खवले धरतात, तिथे रात्री शिया चोळलं तर सकाळी हात फिरवताना फरक जाणवतो. वयस्कर, पातळ झालेल्या कातडीसाठी मी आजही तेच देतो.

कोकम यापेक्षा हट्टी. आमसुलं करताना रातांब्यातून, म्हणजे कोकमाच्या फळातून, निघालेल्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून घ्यायचं आणि ते थिजता थिजता मुठीत वळून गोळे करायचे, ही कोकणातली जुनी रीत. तो गोळा इतका टणक असतो की बोट घासून काही हाती लागत नाही. सुरीने तासायचा नाहीतर किसणीवर किसायचा, आणि ती किसणी पुन्हा नारळाला वापरायची असेल तर घरात आधी परवानगी काढायची. शुद्ध कोकम वितळायला चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणजे अंगाच्या उबेपेक्षा जास्त. त्यामुळे नुसतं लावायला गेलात तर ते कातडीवर घासलं जातं, मुरत नाही. घरगुती गोळ्यात बियांची कसपटंही सापडतात. वितळवून सुती फडक्यातून गाळून घ्यावं लागतं. बाजारात पांढरं, गाळीव कोकम बटर मिळतं, त्यात हा व्याप नसतो, पण वासही जवळजवळ नसतो. कोकणातल्या माणसाला यातलं काही सांगावं लागत नाही. थंडीत गोळा जरा शेकायचा, टाचेच्या भेगेत भरायचा, झालं त्यांचं मलम.

इथवर पारडं शियाकडेच झुकलेलं आहे, हे मलाही दिसतंय.

मला शियाचा कंटाळा आणला तो त्याच्या रव्याने. तूप रवाळ झालं तर आपण कौतुक करतो. मलम रवाळ झालं की ते बोटाखाली वाळूच्या कणांनी भरलेलं लागतं. डबी भरताना अगदी गुळगुळीत असते. चार-सहा आठवड्यांनी उघडावी तर आत बारीक टणक कण, आणि कणांच्या मधे सुटलेलं तेल. चोळल्यावर ते विरघळतात, गुण कमी होत नाही, मलम खराब झालेलं नसतं. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं मी लोकांना पुन्हा पुन्हा समजावलेलंही आहे. पण दिलेली डबी परत हातात ठेवत वहिनींनी विचारलं, “भाऊजी, हे स्क्रब आहे का?” तेव्हा स्निग्धाम्लांवर काय बोलणार?

कारण तसं सोपं आहे. शियात स्टिअरिक आणि ओलेइक ही दोन आम्लं मुख्य, पण ती वेगवेगळ्या जोड्यांनी बांधलेली असतात. काही जोड्या कडक, काही जवळजवळ पातळ. शिया सावकाश थंड झालं की कडक जोड्या आधी थिजून एकमेकींना चिकटतात आणि रवा धरतो. यावर उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: पूर्ण वितळवा, मग बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून ढवळत झटपट गार करा, म्हणजे कणांना वाढायला वेळच मिळत नाही. मी हेच करतो आणि याने काम होतं.

होतं, पण आपल्या हातात असेपर्यंतच. नागपुरात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात. कपाटातली डबी दुपारी सैल पडते, रात्री कूलरच्या गारव्यात हळूहळू थिजते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे रवा धरायला जशी सावकाश थंडी लागते, नेमकी तशी आमचं घर स्वतःहूनच पुरवतं. कुरिअरच्या गाडीत तापून आलेलं शिया तर कित्येकदा पाकीट फोडतानाच कणीदार असतं. विकणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणाल तर ठेवता येतं, पण मग वापरताना ते खरवडावं लागतं आणि शियाचा जो मोठा गुण, बोटाने सहज उचलता येणं, तोच जातो. पुण्यात, नाशकात किंवा थंड हवेच्या गावी राहणाऱ्यांना हा त्रास कदाचित इतका होणार नाही. लंडन-टोरोंटोला असलेल्या मंडळींना तर बहुधा होणारच नाही. त्यांनी माझं म्हणणं निम्मंच धरावं.

कोकमातही तीच दोन आम्लं आहेत, पण तिथे बहुतांश जोड्या एकाच ठेवणीच्या. त्यामुळे ते एकसंध थिजतं. अजिबात रवा धरत नाही असं म्हणणार नाही. तेलात मिसळून फार हळू गार केलं तर तेही कधी कधी कणी दाखवतं आणि वर पांढरट डाग येतात. पण माझ्या कपाटात, माझ्या उन्हाळ्यात, कोकमाची डबी जशी भरली तशी राहते. तेल मिसळल्यामुळे मऊ पडते, पण वाहत नाही. आणि टणकपणाची जी तक्रार मी वर केली, ती तेल मिसळलं की उरतच नाही. शियात मात्र तेल वाढवून रवा जात नाही. माझ्यासाठी निर्णय झाला तो इथे.

दुसरा फरक लहान आहे, पण रोज जाणवतो. शिया लावल्यावर हात बराच वेळ तेलकट राहतात. कोकम लावून जरा थांबलो की मी संगणकावर बसू शकतो, स्टीअरिंगला हात लावू शकतो. ओठांसाठीही कोकमच बरं, कारण जाड थर न देता ते टिकून राहतं. कोरडेपणा खूप जास्त असेल तर हाच गुण कमी पडल्यासारखा वाटेल, हेही खरं.

प्रमाणं साधी आहेत, वजनावर घ्या, वाटीच्या मापावर नको. अंगाला लावायला शंभर ग्रॅममध्ये ३० ग्रॅम कोकम, ६५ ग्रॅम तेल, ५ ग्रॅम मधमाश्यांचं मेण. टाचांसाठी कोकम आणि तेल ४५-४५ आणि मेण १०. शिया असेल तर ७० शिया, २५ तेल, ५ मेण. गरम पाण्यात भांडं ठेवून आधी तेलात मेण विरघळू द्या, कारण मेणाला साठाच्या पुढे ऊब लागते, बटर शेवटी. कोकमाला तेल जास्त लागतं, म्हणून तेलाची निवड इथे जास्त महत्त्वाची. घाण्याचं तिळाचं तेल टिकतं, पण वास लपत नाही. बदामाचं तेल वासाला निरुपद्रवी. आमच्याकडे करडई मुबलक, तिचं तेल अंगावर हलकं वाटतं, मात्र लवकर खवट होतं, तेव्हा थोडं थोडंच करावं. जवसाचं तर घालूच नका. व्हिटॅमिन ई चे थेंब खवटपणा लांबवतात, बुरशी थांबवत नाहीत.

म्हणूनच कोरफडीचा ताजा गर किंवा गुलाबपाणी यात ढवळू नका, बटर कुठलंही असो. पाणी आलं की जंतू आले. पाण्याचं खरं क्रीम करायचं तर पायसकारक (तेल-पाणी एकजीव ठेवणारा) आणि परिरक्षक (जंतू रोखणारा) दोन्ही लागतात, आणि नुसत्या मेणावर ते भागत नाही. चेहऱ्यावर पुटकुळ्या येत असतील तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. मधुमेह असणाऱ्यांच्या टाचेला खोल भेग असेल किंवा रक्त येत असेल, तर मलमाची डबी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

किमतीवरून ठरवावं असं मला वाटत नाही. चांगलं शिया आणि चांगलं गाळीव कोकम यांच्या भावात फरक असतो, पण एका डबीला लागतं किती? कोकम घेताना वास मात्र बघा. खवट वास आला तर कितीही गाळलं तरी जात नाही. सावंतवाडी, कुडाळकडे कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून गोळे मागवा, एक फोडून आतून बघा. वरून काळपट असलं तरी आतून फिकट असायला हवं. आणि शियाच घ्यायचं ठरलं, तर विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी ते नोव्हेंबरात घ्यावं आणि होळीपर्यंत संपेल एवढंच घ्यावं.