नवा डाउनपाइप बसला, जुना कन्व्हर्टर गेला

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका गाडीमालकाने आपल्या १.० टीएसआय पोलोचा एक्झॉस्ट बदलून घेतला. ठरलेलं काम असं होतं: अडीच इंची डाउनपाइप (टर्बोतून निघणारा धुराचा पाइप), त्यात २०० सेलचा स्पोर्ट्स कॅट (कॅट म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर; सेल म्हणजे आतल्या जाळीची दर चौरस इंचातली भोकं), मागे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप आणि सोबत स्टेज २ रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल). रक्कम ८५,००० रुपये. त्यातून "जुना माल भंगारात जातो" म्हणून गॅरेजवाल्याने स्वतःहून २,००० वजा केले. पैसे रोख दिले, बिल मिळालं नाही. पावसाळा संपताना गाडी दुसरीकडे लिफ्टवर चढली, तेव्हा कळलं की कॅटच्या डब्यात जाळीच नाही, स्टील ३०४ नाही आणि रिमॅप झालेलाच नाही. पण सगळ्यात मोठा फटका त्या २,००० रुपयांच्या वजावटीत बसला होता.

गाडीतून जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निघतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू असतात. जुने कन्व्हर्टर घेणारे त्यावर कोरलेला नंबर बघून भाव ठरवतात. म्हणजे गॅरेजवाल्याला तुमच्या गाडीखालून निघणाऱ्या मालाची किंमत पक्की ठाऊक असते, तुम्हाला नसते. काही ठिकाणी डाउनपाइप इतका स्वस्त का मिळतो, याचं उत्तरही यातच आहे. या इंजिनात कन्व्हर्टर टर्बोला अगदी लागून असतो, त्यामुळे डाउनपाइप बदलायचा म्हटला की तो अख्खा खाली येतो. म्हणून काम देण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा: निघालेला कन्व्हर्टर माझ्या डिकीत कधी ठेवणार?

तो परत देतानाही हातचलाखी होते. डबा शिवणीवर कापतात, आतली सिरॅमिक जाळी काढून घेतात, डबा पुन्हा वेल्ड करून वर काळा रंग मारतात. उपाय सोपा आहे. कन्व्हर्टर खाली येत असताना तिथे उभे राहा, नंबरचा फोटो काढा, डब्यावर सेंटर पंचने खूण करा आणि तिथल्या तिथे वजन करून घ्या. घरी नेण्याआधी पुन्हा वजन करा. शिवणीवर नवा टाका दिसला, तर प्रश्न विचारायला लाजू नका.

आता बसवलेल्या कॅटकडे वळू. बनावट कॅट दोन प्रकारचे असतात. पहिल्यात डब्याच्या आत नुसता भोकांचा पाइप असतो, भोवती ग्लासवूल. एन्डोस्कोपचा कॅमेरा ओटू सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) भोकातून आत घातला की हे लगेच दिसतं. दुसरा प्रकार जास्त फसवा. त्यात खरी दिसणारी धातूची जाळी असते, पण तिच्यावर किमती धातूंचा लेप नसतो. कॅमेऱ्याला जाळी दिसते, मालक निश्चिंत होतो, आणि तो कॅट काहीच काम करत नाही.

तरीही चेक इंजिनचा दिवा लागत नाही, कारण मागच्या ओटू सेन्सरखाली एक छोटा स्पेसर बसवलेला असतो. सेन्सर धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढला जातो, त्याला बदल मंद दिसतात आणि ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) समजूत होते की कॅट ठीक आहे. स्पेसर नसेल तर बहुधा पी०४२० हा कॅट निकामी असल्याचं सांगणारा कोड सॉफ्टवेअरमध्ये दाबलेला असतो. दोन्ही नसतील, तर कोड पुसून गाडी लगेच हातात देतात. दिवा काही दिवसांनी लागतो, तोवर पैसे देऊन झालेले असतात.

तपासणी अशी करा. मागचा सेन्सर लिफ्टवर डोळ्यांनी बघा: तो पाइपवरच्या नटात थेट बसला आहे की मध्ये वेगळा तुकडा आहे? मग स्कॅनर लावून रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्या याची नोंद) वाचा. कॅटॅलिस्टचा मॉनिटर 'अपूर्ण' असेल, तर कोड नुकतेच पुसले असण्याची शक्यता आहे. काही दिवस शहरात आणि मुंबई-आग्रा हायवेवर एकसारख्या वेगाने गाडी चालवून पुन्हा वाचा. इंजिन गरम असताना मागच्या सेन्सरचा व्होल्टेजही बघा. चांगल्या कॅटमागे तो साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर स्थिर राहतो, रिकाम्या डब्यामागे सारखा वरखाली नाचतो. पीयूसी करताना फक्त स्टिकर घेऊन येऊ नका, आकडे वाचा. बीएस६ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. नळी पाइपात नीट न घालता काढलेला कागद काहीच सिद्ध करत नाही. शिवाय नाक आहेच: बंद पार्किंगमध्ये गरम इंजिनाच्या धुराने डोळे चुरचुरले, तर कॅट काम करत नाही असं समजून पुढची तपासणी करा.

स्टीलच्या बाबतीत चुंबक दाखवून केली जाणारी फसवणूक खूप चालते. "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४." पण २०२ लासुद्धा चुंबक चिकटत नाही! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून त्या जागी मँगनीज भरलेलं असतं; म्हणून ते स्वस्त पडतं आणि गंजायला लवकर लागतं. इगतपुरी-कसारा पट्ट्यातला एकच पावसाळा टाक्यांच्या कडेला तांबूस डाग पाडायला पुरतो. चुंबक चिकटणारं ४०९ स्टील मात्र वाईट नाही. गाड्यांचे मूळ सायलेन्सर बहुतेक त्याचेच असतात. तिथे फसवणूक असते ती ३०४ चा भाव लावण्यात. पक्की खात्री हवी असेल, तर बंदुकीसारखं दिसणारं एक्सआरएफ यंत्र पाइपवर टेकवून धातूंचं प्रमाण काढता येतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा, हे यंत्र तिथल्या लोकांना माहीत असतं. तो मार्ग नसेल तर मँगनीज ओळखणारं थेंबाचं औषध वापरा. २०२ वर त्याचा रंग लाल होतो.

जाडीतही कापतात. दीड मिलिमीटर सांगून एक मिलिमीटरचा पाइप लावतात. ६३.५ मिमी बाहेरील व्यासाच्या स्टेनलेस पाइपचं वजन दीड मिमी जाडीला मीटरमागे सुमारे २.३ किलो असतं, १.२ मिमीला १.८६ आणि १ मिमीला १.५६. पाइप कापायच्या आधी एक मीटर तराजूवर ठेवायला सांगा. टोकाला व्हर्निअर लावला तरी चालेल, पण टोक आधी नीट घासून घ्या. वळणावर पाइप चपटा झालेला दिसला, तर ते मँड्रेल बेंडिंग (आतून आधार देऊन वाकवणं) नाही, साधं प्रेसचं वाकवणं आहे.

टर्बो गाडीत खरं नुकसान करतात त्या न बसवलेल्या वस्तू. इंजिन रबरी माउंटवर हलतं, म्हणून पाइपात फ्लेक्स जॉइंट (लवचिक जोड) लागतो. पैसे वाचवायला तो गाळला किंवा आतल्या लायनरशिवायचा हलका फ्लेक्स लावला, तर फ्लँजपाशी भेग पडते. मूळ डाउनपाइपला आधार देणारा ब्रॅकेट नव्याला जुळत नाही म्हणून काढून टाकला, तर सगळं वजन टर्बोवर लटकतं. उष्णता अडवणारा पत्रा बसत नाही म्हणून बाजूला फेकतात, मग जवळचा ड्राइव्हशाफ्टचा रबरी बूट भाजतो आणि ग्रीस बाहेर उडतं. गॅस्केटऐवजी नुसती पेस्ट लावली आणि पुढच्या सेन्सरच्या आधी गळती झाली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं सांगतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज पडलं की लोक पंपाला दोष देतात. आधी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. आर्गन वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. तो सोडला नसेल तर बाहेरचा टाका इंद्रधनुषी, सुंदर दिसतो आणि आत काळा खडबडीत थर असतो. म्हणून जोडण्याआधी आतून टॉर्च मारा.

रिमॅपबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आजच्या टर्बो गाडीत बूस्ट (टर्बो हवेवर देतो तो दाब) ईसीयू ठरवतो. नुसत्या डाउनपाइपने टर्बो थोडा लवकर जागा होतो, आवाज बदलतो, बाकी ताकदीत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच मोठा आवाज आणि लॅपटॉप लावून घालवलेला अर्धा तास दाखवून रिमॅपचे पैसे घेता येतात. काम होण्याआधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन, मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट लॉग करा. दोन्ही लॉग सारखेच आले, तर काही झालेलं नाही. डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दिला, तर चाकाचे आकडे आणि हवामान-उंचीसाठीचा दुरुस्ती गुणक कोणता लावला ते विचारा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. टर्बो इंजिन बूस्ट वाढवून ही उंची बरीचशी भरून काढतं, त्यावर साध्या (बिनटर्बो) इंजिनाचा गुणक लावला की काही टक्के कागदावरच वाढतात. आणि मॅन्युअल पोलोच्या एमक्यू२०० गिअरबॉक्सची क्षमता सुमारे २०० न्यूटन मीटर आहे. त्याहून बराच जास्त टॉर्क देतो म्हणणाऱ्याला क्लच आणि गिअरबॉक्सची जबाबदारी लिहून मागा.

हा सगळा धंदा बिनबोभाट चालतो, कारण गिऱ्हाईक तक्रार करायला कचरतं. ते कचरणं निराधार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल करू देत नाही. कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषण आणि आवाजाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे, शिवाय परवाना बाळगायला तीन महिने अपात्र. रस्त्यावरच्या गाडीचा मूळ कन्व्हर्टर काढूच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. कॅटच्या मागचं काम करायचं असेल, तरी आवाज मूळ पातळीतच ठेवा.

तरीही खोटा माल खरा सांगून विकणं ही फसवणूकच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. पण हातात पुरावा हवा: पार्टनिहाय बिल, यूपीआय किंवा चेकने दिलेले पैसे, आणि स्टीलचा ग्रेड, जाडी, कॅटच्या सेलची संख्या लिहिलेलं कोटेशन. कन्व्हर्टर परत करण्याची अटही त्याच कागदावर घ्या. फसलेलं काम आधीच झालं असेल, तर गाडी त्याच गॅरेजात 'दुरुस्तीला' परत देऊ नका. पाइप गाडीवरच असताना दुसरीकडे लिफ्टवर फोटो काढा, स्कॅनरचा रिपोर्ट छापून घ्या, धातूची तपासणी करून लेखी नोटीस द्या, आणि मगच तो उतरवा.

जुना कन्व्हर्टर हातचा गेला असेल, तर कंपनीचा नवा कन्व्हर्टर चासी नंबरवरून पार्ट नंबर काढूनच मागवा. तो बसवताना मागच्या सेन्सरखालचा स्पेसर काढला का आणि सॉफ्टवेअरमध्ये दाबलेला कोड पुन्हा चालू केला का, हे स्वतः तपासा. यातलं एकही राहून गेलं, तर पुढे कॅट खरोखर निकामी झाला तरी दिवा लागणार नाही.