‘ब्लॅक’चा बी आणि ‘व्हाइट’चा डब्ल्यू: कॅपिटल कुणाला?

मराठीत लिहिताना हा प्रश्नच पडत नाही. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेद नाही. मान द्यायचाच तर आपण ‘आले’, ‘म्हणाले’ करून क्रियापदातून देतो. पण इंग्रजीत प्रबंध लिहिणारे, किंवा मराठी कथेचा अनुवाद अमेरिकेतल्या मासिकाला पाठवणारे, ‘ब्लॅक’, ‘व्हाइट’ या वंशवाचक शब्दांपाशी हमखास अडतात. तिथल्या संपादकांमध्ये तीन पद्धती दिसतात.

पहिली, जुनी: दोन्ही शब्द स्मॉल. ही रंगाची विशेषणं आहेत, त्यांना कॅपिटल कशाला, एवढाच युक्तिवाद. वरवर तटस्थ वाटतो. पण त्याच वाक्यात ‘एशियन’ला कॅपिटल ए मिळतो आणि ‘ब्लॅक’ मात्र स्मॉल राहतो. हे दुखणं जुनं आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1899 साली फिलाडेल्फियाच्या आपल्या अभ्यासात तळटीप देऊन ‘निग्रो’ हा कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा रूढ असलेला शब्द कॅपिटल एनने लिहिला. 80 लाख अमेरिकनांचा एका कॅपिटल अक्षरावर हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यूयॉर्क टाइम्सला ते मान्य व्हायला 1930 उजाडलं. गंमत म्हणजे साठच्या दशकाअखेर ‘निग्रो’ मागे पडून ‘ब्लॅक’ रूढ होऊ लागला, तेव्हा झगडून मिळवलेलं कॅपिटलही बहुतेक ठिकाणी गेलं.

दुसरी: बी कॅपिटल, डब्ल्यू स्मॉल. मे 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाली. जूनमध्ये असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि न्यूयॉर्क टाइम्स, दोघांनीही ही पद्धत स्वीकारली. कारण पटण्यासारखं आहे. गुलामगिरीने ज्यांचं मूळ गाव, कूळ, भाषा पुसून टाकली, त्यांच्यासाठी ‘ब्लॅक’ ही कातडीच्या रंगापलीकडची, एकत्र भोगलेल्या इतिहासातून आलेली ओळख आहे. गोरे आपल्याला आयरिश, इटालियन म्हणवू शकतात. शिवाय वर्णवर्चस्ववादी मंडळी कॅपिटल डब्ल्यू मुद्दाम वापरतात. आपणही वापरला तर त्यांना मान्यता दिल्यासारखं होईल, असं असोसिएटेड प्रेसने जुलैमध्ये सांगितलं.

तिसरी: दोन्ही कॅपिटल. वॉशिंग्टन पोस्टने 2020 मध्ये हीच निवडली, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेनेही तोच सल्ला दिला.

माझा कौल तिसऱ्या पद्धतीला. वर्चस्ववाद्यांची भीती खोटी नाही, पण स्मॉल डब्ल्यूमुळे गोरेपण ही जणू वंशाची ओळखच नाही, असं वाटू लागतं. आपल्याकडे ‘दलित लेखक’ सर्रास म्हणतात. ‘सवर्ण लेखक’ असा परिचय कुणी करून दिल्याचं ऐकलंय? बाबासाहेबांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतले निग्रो आणि भारतातले अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं, तेव्हा या दोन्ही समाजांची नावं त्यांनी कॅपिटलनेच लिहिली होती.

अर्थात, निवड दर वेळी आपल्या हाती नसते. मानसशास्त्राचा प्रबंध एपीए शैलीत (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांनुसार) असेल तर 2019 च्या सातव्या आवृत्तीनुसार दोन्ही कॅपिटल, विषय संपला. असोसिएटेड प्रेसची शैली पाळणाऱ्या वृत्तपत्राला लेख देताना फक्त बी. पुस्तकांच्या संपादनात चालणारी शिकागो शैली कॅपिटल बी पसंत करते, डब्ल्यूही कॅपिटल चालतो. जुन्या मजकुरातलं अवतरण असेल तर मूळ अक्षराला हात लावू नये.

अनुवादकांनी मात्र एक सांभाळावं. आपल्या कथेतली आजी नातसुनेला ‘काळी’ म्हणते, तेव्हा ती रंगाबद्दल बोलत असते, वंशाबद्दल नाही. तिथे कॅपिटल बी पडला, तर अमेरिकन वाचक त्या सुनेचं माहेर आफ्रिकेत शोधू लागेल.