व्हॉट्सॲप की सिग्नल?

चाटी गल्लीत कापड विकणाऱ्या मावसभावाने विचारलं, "दादा, सरकार चॅट वाचतं म्हणे. सिग्नलवर जाऊ का?"

मजकुराचं कुलूप दोन्ही ॲपमध्ये एकच, सिग्नल प्रोटोकॉल नावाची पद्धत; मजकूर फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकतो. फरक नोंदवहीत आहे. कोण कोणाशी कधी बोललं, याची माहिती व्हॉट्सॲपकडून कायदेशीर मागणीवर मिळू शकते. सिग्नलकडे नंबरापलीकडे खातं उघडल्याची आणि शेवटच्या जोडणीची तारीख, बस्स. व्हॉट्सॲपच्या बॅकअपलाही २०२१पासून कुलूप लावता येतं, पण ते आपणच चालू करायचं, कोण करतंय! पैसे दोन्हींना शून्य.

२०१९मध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲप कॉलमधून सुमारे १,४०० फोनमध्ये घुसवण्याचा प्रयत्न झाला. फोनच ताब्यात गेला तर सिग्नलही काही करू शकत नाही.

गिऱ्हाईकं व्हॉट्सॲपवर, म्हणून दुकानाला तेच, बॅकअप कुलूपबंद करून. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी मात्र सिग्नलच घ्यावं.