फुंकायची तपासणी की नुसत्या श्वासाची? तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत फुफ्फुसाच्या चाचण्यांची तुलना

सांगलीत फुफ्फुसाच्या तपासणीला येणाऱ्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘पीएफटी’ (फुफ्फुसांच्या कार्याची तपासणी) एवढेच लिहिलेले असते, आणि त्या तीन अक्षरांत किमान पाच-सहा वेगवेगळ्या तपासण्या सामावलेल्या असतात हे आत आल्यावर कळते. मग दारातच प्रश्न येतो की यातली चांगली कुठली. ही तपासणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि माझे उत्तर असे की श्वास कोणाचा मोजायचा आहे आणि आलेल्या आकड्यावरून पुढे काय ठरणार आहे, हे सांगितल्याशिवाय चांगले-वाईट ठरत नाही. म्हणून ही तुलना यंत्रांच्या क्रमाने न करता एका घराच्या क्रमाने करतो. समजा, तासगावकडचे एक घर आहे. आजोबांनी चाळीस वर्षे बिडी ओढली, आजींचे आयुष्य चुलीपुढे गेले, मुलगा बेदाण्याच्या शेडवर कामाला आहे, पाच वर्षांच्या नातीच्या छातीत पावसाळा लागला की घरघर सुरू होते, आणि घरात दहा दिवसांचे बाळ आहे.

आजोबा-आजींसाठी स्पायरोमेट्रीला पर्याय शोधू नये. छाती पूर्ण भरून घ्यायची, नळी ओठांत घट्ट धरून एकदम जोराने सोडायचे आणि आत काही उरले नाही असे वाटेपर्यंत सोडत राहायचे, एवढीच कृती आहे. यंत्र दोन मुख्य आकडे देते: पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली. श्वासनलिका अरुंद झालेल्या माणसाचा पहिला आकडा दुसऱ्याच्या तुलनेत घटतो. दमा किंवा सीओपीडीचे (धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे) निदान याच गुणोत्तरावर उभे असते.

कृती सोपी दिसते, पण माणसे ती आपापल्या सवयीने करतात. चुलीपुढे बसलेल्या बाईला ‘आजी, फुंकणीत फुंकता तसे फुंका’ असे सांगण्याची चूक मी सुरुवातीला पुष्कळ वेळा केली. फुंकणीत हवा बेताने आणि लांबवून सोडतात, कारण जोरात फुंकले तर राख तोंडावर येते. त्यामुळे आजी अगदी मन लावून चुकीची फुंक मारत आणि आलेख सपाट येई. ‘फुगा फुगवा’ म्हटले की गाल फुगतात, ‘मेणबत्ती विझवा’ म्हटले की फुंक अर्ध्या सेकंदात संपते. आता मी एवढेच म्हणतो, ‘आजी, पहिला झटका जोरात द्या आणि मी थांबा म्हणेपर्यंत सोडतच राहा.’ निदान तीन फुंका नियमात बसणाऱ्या हव्यात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकांमधला फरक १५० मिलिलिटरच्या आत हवा. मोठ्यांना साधारण आठ प्रयत्नांपलीकडे ताणत नाहीत, कारण त्यानंतर थकवाच मोजला जातो. ज्या रिपोर्टवर एकाच फुंकेचा आलेख आहे, तो स्वस्तात झाला असला तरी मी हिशोबात धरणार नाही.

बेदाण्याच्या शेडवरच्या मुलाचे प्रकरण वेगळे आहे. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि तो वायू दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आवळून टाकतो. हा मुलगा सुट्टीच्या दिवशी तपासणीला आला तर त्याची स्पायरोमेट्री अगदी निरोगी येऊ शकते, कारण दम्यात श्वासनलिका दिवसागणिक, कधी तासागणिक बदलतात. अशा ठिकाणी काही शे रुपयांत मिळणारे पीक फ्लो मीटर महागड्या यंत्राला मागे टाकते. मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये पुढे आणलेल्या या साध्या उपकरणात एकच आकडा मिळतो: फुंकेचा सर्वाधिक वेग. दिवसातून चार वेळा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही, दोन ते चार आठवडे तो वहीत लिहिला, तर कामावर आकडा पडतो आणि घरी सावरतो की नाही हे वहीच दाखवते.

पण हेच उपकरण आजोबांच्या हातात देऊन ‘सीओपीडी नाही’ असे सांगणे चूक आहे. पीक फ्लो मुख्यतः मोठ्या श्वासनलिकांबद्दल बोलतो, तो फुंकणाऱ्याच्या जोरावर फार अवलंबून असतो, आणि सीओपीडीचे बरेच नुकसान लहान नलिकांत होते. निदानासाठी स्पायरोमेट्री आणि पाळत ठेवण्यासाठी पीक फ्लो, अशी माझ्या मते सरळ वाटणी आहे. ज्यांनी एकदा स्पायरोमेट्री केली आणि दमा ठरला, त्यांनी दर महिन्याला तीच तपासणी करण्यापेक्षा घरी मीटर ठेवावे आणि स्वतःचा सर्वोत्तम आकडा लिहून ठेवावा. त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरण सुरू झाली की सावध व्हायचे आणि ५० टक्क्यांखाली गेले तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

नातीपाशी निर्णय खरा अवघड होतो. स्पायरोमेट्री पाच-सहा वर्षांच्या बऱ्याच मुलांना जमते, पण लगेच जमत नाही आणि कंटाळलेल्या मुलाला तर मुळीच जमत नाही. शिवाय लहान मुलांची फुफ्फुसे लहान आणि त्यामानाने श्वासनलिका ऐसपैस असल्यामुळे ती एका सेकंदातच जवळजवळ रिकामी होतात. निरोगी पाच वर्षांच्या मुलाचे ते गुणोत्तर ०.९च्या आसपास असते. मोठ्यांसाठी वापरला जाणारा ०.७०चा उंबरठा मुलाला लावला तर चांगलाच आजारी मुलगाही ‘नॉर्मल’ ठरेल. हाच उंबरठा ऐंशी वर्षांच्या आजोबांना लावला तर उलट घडते, कारण वयाबरोबर गुणोत्तर आपोआप उतरते. म्हणून वय, उंची आणि लिंग पाहून काढलेली ‘सामान्याची खालची मर्यादा’ रिपोर्टवर छापली आहे का, हे आधी बघावे.

दुसरा पर्याय ऑसिलोमेट्रीचा. हिची कल्पना १९५६ पासून माहीत आहे, पण छोट्या सांगलीसारख्या शहरात ती अलीकडेच ऐकू येऊ लागली. यात मुलाने काहीच विशेष करायचे नसते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि नेहमीसारखा शांत श्वास. यंत्र त्या श्वासावर हवेच्या दाबाच्या अगदी बारीक लहरी सोडते आणि त्या परत कशा येतात यावरून श्वासनलिकांचा अडथळा आणि फुफ्फुसांची लवचीकता काढते. सेकंदाला पाच कंपने इतक्या संथ लहरी खोल लहान नलिकांपर्यंत पोहोचतात आणि वीस कंपनांच्या लहरी मोठ्या नलिकांपाशीच थांबतात, अशी ढोबळ समजूत आहे. या दोन्हींतल्या फरकावरून बिघाड कुठे आहे याचा अंदाज येतो. बारा वर्षांखालच्या मुलासाठी एका मोजणीला सोळा सेकंद पुरतात. तीन वर्षांच्या मुलालाही ती बऱ्याचदा जमते.

तरी एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: ‘काहीच करायचे नसते’ हे पूर्ण खरे नाही. मुलाचे गाल आईने किंवा आम्ही दोन्ही तळहातांनी हलके दाबून धरावे लागतात, नाहीतर लहरींची शक्ती गालांच्या थरथरण्यातच विरते आणि फुफ्फुसाऐवजी गाल मोजले जातात. जीभ नळीसमोर आली, मुलाने आवंढा गिळला किंवा हसू आले की ती मोजणी बाद. आणि या तपासणीला फुफ्फुसात एकूण हवा किती मावते हे कळत नाही, त्यामुळे आकसलेल्या फुफ्फुसाच्या आजारात तिच्यावर विसंबता येत नाही. सामान्य आकडेही यंत्रागणिक थोडे बदलतात. आज सांगलीत एका यंत्रावर केलेली आणि तीन महिन्यांनी पुण्यात दुसऱ्या यंत्रावर केलेली ऑसिलोमेट्री एकमेकींशेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणू नये.

माझा कल असा आहे. नात पाच वर्षांची असेल, थोडी धीट असेल आणि तपासणाऱ्याकडे अर्धा तास असेल, तर दोन्ही कराव्यात, आणि आधी ऑसिलोमेट्री करावी, कारण जोराच्या फुंकांनी श्वासनलिकांचा ताण बदलतो आणि मग शांत श्वासाची मोजणी बिघडते. एकच परवडणारी असेल आणि नात बुजरी असेल, तर ऑसिलोमेट्री. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र ‘लहान आहे’ म्हणून ऑसिलोमेट्रीवर सोडून देणे मला आळस वाटतो. कुठलीही केली तरी साल्ब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी ती पुन्हा करायला सांगावे. स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदाचा आकडा अपेक्षित आकड्याच्या दहा टक्क्यांहून जास्त वाढला किंवा ऑसिलोमेट्रीत संथ लहरींचा अडथळा चाळीस टक्क्यांनी उतरला, तर औषधाने श्वासनलिका मोकळ्या होतात हे पक्के होते. दम्याच्या शंकेत या दुसऱ्या फेरीशिवाय रिपोर्ट अर्धवटच आहे.

आता दहा दिवसांचे बाळ. इथे मोठ्यांचे सगळे शास्त्र उलटेपालटे होते. बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असतात आणि छातीचा पिंजरा इतका मऊ असतो की फुफ्फुसांना तो बाहेरून ताणून धरू शकत नाही. श्वास सोडल्यावर फुफ्फुसे पार मिटू नयेत म्हणून बाळ स्वतःच युक्ती करते: घसा थोडा आवळून हवा अडवते आणि पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घेते. आजारी बाळाचे कण्हणे ऐकून घरची मंडळी ‘पोट दुखत असेल’ म्हणून घुटी शोधतात, तेव्हा बाळ बहुतेक वेळा फुफ्फुस उघडे ठेवण्यासाठी झगडत असते. त्याचा एक श्वास किलोमागे चार ते सहा मिलिलिटरचा, म्हणजे तीन किलोच्या बाळाचा साधारण पंधरा मिलिलिटर. तोंडावरच्या मास्कमध्येच दहा मिलिलिटर हवा अडकत असेल, तर मोजमाप कशाचे झाले असे विचारावे लागते.

तान्ह्या बाळांच्या तपासण्या नाहीत असे नाही. झोपेच्या औषधावर बाळाला झोपवून फुफ्फुसे बाहेरून भरतात आणि छातीभोवतीचे जाकीट झटक्यात फुगवून श्वास जोराने बाहेर काढायला लावतात, म्हणजे बाळाकडून स्पायरोमेट्री करवून घेतात. दुसऱ्या पद्धतीत बाळाला निरुपद्रवी वायू श्वासावाटे देऊन तो धुऊन निघायला किती श्वास लागतात ते मोजतात. पण ही कामे मोजक्या संशोधन केंद्रांतली आणि सिस्टिक फायब्रोसिससारख्या (फुफ्फुसात चिकट कफ साठवणाऱ्या आनुवंशिक) आजारांसाठीची आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांच्यासाठी धावाधाव करावी असे मला वाटत नाही.

बाळ नवजात अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असेल, तर मात्र श्वासाचे यांत्रिक मोजमाप खाटेपाशीच, पडद्यावर चालू असते आणि त्याचा थेट उपयोग होतो. निरोगी नवजात फुफ्फुसाची लवचीकता दाबाच्या एका सेंटिमीटर पाण्यामागे चार मिलिलिटरच्या आसपास आणि अडथळा सेकंदाला एक लिटर प्रवाहामागे तीस सेंटिमीटर पाणी धरला, तर त्यांचा गुणाकार ०.१२ सेकंद येतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण ०.३६ सेकंदात फुफ्फुस ९५ टक्के रिकामे होते. अपुऱ्या दिवसांच्या, फुफ्फुसे ताठ झालेल्या बाळात ही वेळ आणखी आखूड होते. गर्भातली विष्ठा श्वासात गेलेल्या बाळात अडथळा वाढून ती लांबते, आणि यंत्र घाईने श्वास देत राहिले तर हवा आत कोंडते. डॉक्टर यंत्रावरचे सेकंदाचे अंश का बदलत असतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

घरी असलेल्या बाळासाठी मात्र सर्वांत भरवशाची तपासणी फुकट आहे. बाळ शांत असताना त्याची छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, कारण नवजात बाळ मध्येच काही सेकंद श्वास थांबवते आणि मग भराभर घेते, त्यामुळे गुणाकार फसतो. दोन महिन्यांखालच्या बाळात श्वास साठ किंवा त्याहून जास्त आले, तर पुन्हा मोजावेत. दुसऱ्यांदाही तेच आले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, किंवा श्वास वीस सेकंद थांबत असेल, तर ‘डबा झालाय’ म्हणून घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

मोठ्यांच्या पुढच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. स्पायरोमेट्रीत एकूण हवा कमी पण गुणोत्तर चांगले आले, तर फुफ्फुस आकसले असेल किंवा फुंकच अपुरी असेल. क्षयरोगातून उठलेल्या माणसांत हे आपल्याकडे नेहमी दिसते. अशा वेळी काचेच्या बंद खोलीत बसवून फुफ्फुसातली एकूण हवा मोजणारी बॉडी प्लेथिस्मोग्राफी किंवा वायू रक्तात किती उतरतो हे पाहणारी डीएलसीओ लागते. त्यांसाठी मोठ्या केंद्रात जावे, पण आधीची स्पायरोमेट्री नीट झाली आहे याची खात्री करूनच प्रवासाचा खर्च करावा.

आणि सर्वांत जास्त घोटाळा यंत्रात होत नाही, भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीत होतो. स्पायरोमीटर बनवणाऱ्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्येच दाखवले होते की फुफ्फुसात मावणारी हवा उंचीबरोबर वाढते आणि वयाबरोबर घटते. आजचे सॉफ्टवेअरही अपेक्षित आकडा त्यावरूनच काढते. एका मुलाचा दुसरीकडून आलेला रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता, पण आई सांगत होती की जिना चढताना त्याला धाप लागते. पाहिले तर उंची १३२ ऐवजी १२३ टाकलेली. आकड्यांची एवढी अदलाबदल अपेक्षित क्षमता साधारण १५ टक्क्यांनी खाली आणते, आणि खालच्या पट्टीवर कमी क्षमताही शोभून दिसते. तेव्हापासून मी चपला काढायला लावून उंची स्वतः मोजतो. पाठीला बाक आलेल्या आजोबांचे हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर घेतो.

तारीख ठरवण्यापूर्वी आजोबांचे मोतीबिंदूचे किंवा पोटाचे ऑपरेशन अलीकडे झाले आहे का, हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे का, खोकल्यात रक्त पडते का, हे सांगून ठेवावे, कारण जोराच्या फुंकेने डोळ्यावर, पोटावर आणि छातीवर दाब येतो. क्षयाची शंका असेल तर आधी थुंकीची तपासणी. निदानासाठी तपासणी असेल तर साल्ब्युटामॉलचा पंप चार ते सहा तास आणि दिवसातून दोनदा घ्यायचा लांब पल्ल्याचा पंप २४ तास बंद ठेवतात, पण तो डॉक्टरांना विचारूनच. औषध कितपत लागू पडते एवढेच पाहायचे असेल, तर पंप नेहमीसारखा घेऊन यावे आणि किती वाजता घेतला ते चिठ्ठीच्या मागे लिहून आणावे.