कुजबूज की ‘ई’? छातीवर आवाज ऐकताना

पावसाळ्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), मेडिसिन वॉर्डात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडतोच: न्यूमोनियाचा संशय असेल तर रुग्णाला कुजबुजायला लावायचे की ‘ई’ म्हणायला?

माझा कौल कुजबुजीला. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत. उरतो तो बारीक, उच्च कंपनांचा आवाज. हवा भरलेले निरोगी फुप्फुस तो बहुतेक अडवते, स्टेथोस्कोपमध्ये नुसती फुसफुस येते. फुप्फुसाचा भाग संसर्गाने घट्ट झाला आणि तिकडची श्वासनलिका मोकळी असली, की रुग्णाने कुजबुजलेल्या ‘एक, दोन, तीन’चे अक्षर न् अक्षर कळते. मात्र पंखा बंद हवा. आणि ‘काकी, अशी कुजबूज करा’ म्हणून आधी स्वतः करून दाखवायचे. नाहीतर वयस्क माणसे नुसती हळू आवाजात बोलतात, नि तपासणी फुकट जाते.

‘ई’ त्या मानाने सोपा, समजावत बसावे लागत नाही. घट्ट भागावर तो नाकातल्या ‘ए’सारखा येतो, बकरी ओरडावी तसा; स्टेथोस्कोप शोधणाऱ्या फ्रेंच डॉक्टर लाएनेकने १८१९ च्या ग्रंथात या आवाजाला नावही बकरीवरूनच दिले. छातीत पाणी असेल तर पाण्याच्या वरच्या कडेला हाच बदल मिळतो आणि खाली आवाज मंदावतो. तिथे मीही ‘ई’च वापरीन.

कोणतीही चाचणी करा, दोन्ही बाजूंच्या त्याच जागा आळीपाळीने ऐका. काहीच बदल नाही म्हणून न्यूमोनिया नाही, असे मात्र लिहू नका, एक्स-रे काढा.