फरशीवर पाणी घरंगळलं, गच्ची मात्र गळतच राहिली

पावसाळ्याच्या तोंडावर ‘फुकट तपासणी’ करून देतो म्हणत सोसायट्यांमध्ये फिरणाऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्यांपासून कृपा करून सावध राहा. डोंबिवलीतल्या आमच्या चार मजली सोसायटीला अशाच एकाने फसवलं. त्याची पद्धत कुणालाही पटेल अशी होती, म्हणून ती तपशिलात सांगतो.

त्याच्याकडे ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र होतं. वरच्या मजल्यावरच्या भिंतीला ते टोचलं, आकडा चढला आणि कमिटीतले सगळे धास्तावले. हे यंत्र भिंतीतून वीज किती वाहते ते मोजतं. जुन्या प्लास्टरमध्ये क्षार असले, म्हणजे भिंतीवर पांढरी पूड फुलते तशी, तरीही आकडा वर जातो. पाणी कुठून शिरतंय, हे तर ते सांगूच शकत नाही.

मग त्याने पिशवीतून एक फरशी काढून तिच्यावर पाणी ओतलं. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ते घरंगळलं. “नॅनो केमिकल आहे, कोबा फोडायची गरज नाही, दहा वर्षांची गॅरंटी,” तो म्हणाला. कोबा म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर. तो फोडायचा म्हणजे आवाज, धूळ, डेब्रिज, खर्च. ते सगळं टळणार म्हटल्यावर होकार मिळाला.

तो प्रयोग खोटा नव्हता, आणि फसवणूक नेमकी तिथेच आहे. सिलेन-सिलोक्सेन प्रकारची द्रव्यं पृष्ठभागावर पाणी धरू देत नाहीत, बाहेरच्या उभ्या भिंतींवर त्यांचा उपयोगही होतो. पण ती भेग बुजवत नाहीत. आडव्या गच्चीवर साचलेलं पाणी भेगेतून खाली उतरतंच. त्याची फरशी अखंड होती. आमच्या कोब्याला जागोजागी भेगा होत्या.

कोटेशनमध्ये स्क्वेअर फुटाचा दर तेवढा होता. मटेरियल कोणतं, कोट किती, एका लिटरमध्ये किती जागा, काहीच नाही. निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ घेतली. त्याच्या पोरांनी शेवाळही नीट न खरवडता, लेबल नसलेल्या डब्यातल्या द्रवात आमच्याच टाकीतलं पाणी मिसळून फवारलं. पाणी साठवून चाचणी करा म्हटलं, तर “केमिकल मुरायला वेळ लागतो, पावसातच कळेल.”

जुलैमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये स्लॅबमधून धार लागली. काका अंथरुणाला खिळलेले. त्यांचा पलंग भर रात्री ओढत हॉलमध्ये न्यावा लागला. त्याचा संताप मला अजून आहे. फोनवर आधी “माणूस पाठवतो,” मग फोनच बंद. गॅरंटी कार्डावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं: भेगा, साचलेलं पाणी आणि इमारतीची हालचाल वगळून. गच्ची गळते ती बहुतेक याच कारणांनी, मग गॅरंटी कशाची?

पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिलं. पावसाच्या पाइपच्या तोंडाशी सांधा फुटला होता, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेचा वाटा (कठडा आणि गच्ची जोडणारा सिमेंटचा गोलसर सांधा) सुटला होता आणि एका कोपऱ्यात उतार उलटा होता. यातलं काहीच फवारून थांबणारं नव्हतं.

नव्या करारात मटेरियलचं नाव आणि प्रमाण, डबे आमच्यासमोर उघडणं, शंभरास एक उतार, आणि पाइपची तोंडं बांधून 48 तास पाणी साठवणं, असं सगळं लिहून घेतलंय. पाणी साठवण्याआधी स्लॅबची ताकद इंजिनिअरकडून विचारून घ्या. पाच सेंटिमीटर पाण्याचं वजन दर चौरस मीटरला 50 किलो होतं. रकमेचा दहावा हिस्सा पुढचा पावसाळा उलटल्यावरच द्यायचा ठरलाय.

जुन्या प्रकरणात पोलिसांकडे तक्रार दिली आहे. पैसे बँकेतून गेले म्हणून निदान खातं कुणाचं हे तरी कळतंय. तुमच्याशी असं घडलं असेल तर कार्ड, फोटो, मेसेज आणि रिकामे डबेसुद्धा जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.