कावासाकी झेडएक्स-६आर: संतुलित व्हीली शिकण्यासाठी कितपत योग्य?

व्हीली म्हणजे मोटारसायकल फक्त मागच्या चाकावर चालवणे. त्यात पुढचे चाक उचलणे आणि उचललेले चाक हवेत धरून ठेवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिलीसाठी घेतलेली मोटारसायकल दुसरीसाठी सोयीची असेलच असे नाही. झेडएक्स-६आर दोन्हींच्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते, असे तिचे २०१९ चे मॉडेल बंद आवारातील काँक्रीटच्या पट्टीवर भरपूर चालवल्यावर माझे मत झाले आहे. लांबचा प्रवास, ट्रॅकवरचा वेळ किंवा शहरातले मायलेज यांचा विचार या परीक्षणात केलेला नाही.

या वर्गातील बहुतेक चार सिलिंडरांची इंजिने ५९९ सीसीवर थांबतात, कारण शर्यतींचे नियम तेथे रेघ ओढतात. कावासाकीने ६७ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) कायम ठेवून स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४२.५ वरून ४५.१ मिमी केला आणि ६३६ सीसी मिळवले. कागदावर १३० पीएस शक्ती आणि ११,००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) ७०.८ एनएम टॉर्क, म्हणजे पीळ, हे आकडे डोळ्यांत भरतात, पण शिकणाऱ्याला खरा लाभ होतो तो मधल्या आरपीएममध्ये वाढलेल्या ओढीचा. इंजिन किंचाळायला लागण्याआधीच पुढचे चाक हलके होऊ लागते आणि विचार करायला क्षणभर मिळतो. २०१९ मध्ये पुढच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात १६ वरून १५ झाले, त्याचीही मदत होते. मागचे चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करता येतो, आणि या कामासाठी तो बंद करावाच लागतो.

मात्र संतुलनाचा बिंदू ताकदीवर अवलंबून नसतो. गाडी आणि स्वार यांचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या जमिनीला टेकलेल्या जागेच्या बरोबर वर आला, की गाडी पुढेही पडू पाहत नाही आणि मागेही. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर, १४०० मिमी आहे. गुरुत्वमध्य दोन चाकांच्या मधोमध आणि जमिनीपासून सुमारे ६० सेंमी उंच धरला, तर हा बिंदू ५० अंशांच्या आसपास येतो. खालून पाहताना जेवढे चाक उचललेले पुरेसे वाटते, त्यापेक्षा हे कितीतरी वर आहे. बिंदूच्या अलीकडे व्हीली टिकवायची तर गाडीला सतत वेग घेत राहावे लागते, म्हणून पट्टी संपते आणि व्हीलीही संपते. बिंदूवर पोहोचल्यावर मात्र ॲक्सिलरेटर जवळजवळ स्थिर राहतो. १९९१ मध्ये जपानच्या यासुयुकी कुडो यांनी होंडाच्या टीएलएम२२०आर या ट्रायल (खडतर अडथळ्यांवरून तोल सांभाळत चालवायच्या) मोटारसायकलवर मागच्या एका चाकावर ३३१ किमी अंतर कापले होते, आणि तिचे इंजिन २२० सीसी वर्गातले होते. संतुलन साधल्यावर इंजिनाकडून किती थोडे मागावे लागते, हे त्यावरून कळते.

त्यामुळे या कामासाठी कोणत्याही गाडीची खरी परीक्षा मागच्या ब्रेकवर व्हायला हवी. येथे मागे २२० मिमीची डिस्क आहे. पॅडलचा स्पर्श टणक असला, तरी जोर किती पडतो आहे हे पायाला नीट कळते. गाडी मागे कलली की उजवा पाय एक सेंटिमीटर इतकाच दाबायचा असतो. तेवढ्याने पुढचे चाक हातभर खाली येते, आणि ॲक्सिलरेटर किंचित उघडा ठेवला तर तेथेच थांबते. ॲक्सिलरेटर एकदम मिटून चाक खाली आणण्याची सवय लागली, तर चाक आपटते आणि मनही आपटण्याच्या भीतीतून बाहेर येत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की सुरुवातीला वीतभरच चाक उचलावे आणि प्रत्येक वेळी ते ब्रेकनेच खाली आणावे, मग ती उंची कितीही क्षुल्लक वाटो. मागे पडू लागल्यावर ब्रेक आठवेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पाय तेथे आधीच टेकलेला असला पाहिजे. कारखान्यातून आलेली पॅडलची उंची रस्त्यावर बसण्यासाठी ठरवलेली असते. ५० अंशांना शरीर मागे झुकल्यावर घोट्याचा कोन बदलतो, त्यामुळे जोडणीच्या दांड्यावरचे नट सैल करून पॅडल थोडे जुळवून घ्यावे. हे पाच-दहा मिनिटांचे काम आहे आणि महागड्या सायलेन्सरपेक्षा ते अधिक फळ देते.

एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तो बंद करण्याचे बटण या गाडीवर नाही. पुढचे चाक हवेत मंदावते किंवा थांबते, तेव्हा दोन्ही चाकांच्या वेगावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला मिळणारी माहिती रस्त्यावरच्या नेहमीच्या स्थितीची राहत नाही, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी मागच्या ब्रेकचा दाब आपल्या हुकमाखाली राहील याची खात्री धरता येत नाही. केवळ सरावासाठी राखलेल्या गाडीत एबीएस निष्क्रिय करतात. रस्त्यावर जाणाऱ्या गाडीत तसे कदापि करू नये. एकच गाडी दोन्हींसाठी वापरण्याची इच्छा असणाऱ्यांना मी झेडएक्स-६आर सुचवणार नाही.

संथ व्हीलीसाठी गिअरिंगही लांब पडते, म्हणजे त्याच आरपीएमला गाडी जास्त वेगाने पळते. मूळचे १५ आणि ४३ दातांचे गुणोत्तर २.८७ येते, स्टंट करणारे मागे ६० किंवा त्याहून अधिक दातांचे स्प्रॉकेट लावतात. साठ दातांनी ते ४ होते, म्हणजे त्याच आरपीएमला गाडी सुमारे २८ टक्के हळू चालते. चेनही लांब घ्यावी लागते. इंजिनातले तेल मागे साचते, म्हणून लांब व्हीलीत तेलाचा दिवा लागला की चाक लगेच खाली आणावे. पुढचे शोवा कंपनीचे फोर्क (सस्पेन्शनच्या नळ्या) उतरण्याचा धक्का समंजसपणे पचवतात, ही या गाडीची मला सर्वाधिक आवडलेली बाब आहे. हँडल सरळ असेल तर गाडी डोलत नाही.

नवशिक्याने मात्र १९६ किलोच्या या गाडीपासून आरंभ करू नये. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम २०० ड्यूकवर क्लच, ॲक्सिलरेटर आणि मागचा ब्रेक यांचा मेळ आधी बसवावा. पडलेली गाडी उचलायची तरी ताकद उरते, आणि तुटलेल्या लिव्हरचा खर्चही झेपतो. झेडएक्स-६आरची ताकद तोवर शिकवत नाही, घाबरवते. सरावाची जागाही खासगी आणि मालकाच्या परवानगीची हवी. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात मोडू शकतो. त्यासाठी पहिल्या गुन्ह्यालाही १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. समोरून येणाऱ्या माणसाच्या जिवाचा विचार तर कलमाच्याही आधी यायला हवा.

भारतात २०१९ मध्ये ही गाडी १०.४९ लाखांना, एक्स-शोरूम, आली. २०२४ ची नवी आवृत्ती तेव्हा ११.०९ लाखांना आली. सरावासाठी एवढी नवी गाडी घेण्यापेक्षा जुनी घेणे शहाणपणाचे. ती घेताना शेपटीच्या खालच्या बाजूला आणि सायलेन्सरच्या टोकाला घासल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे, पुढचे चाक उचलून हँडल डावीकडून उजवीकडे फिरवताना मध्यावर अडकल्यासारखे होते का ते हाताने तपासावे, आणि वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण उघडल्यावर वेग न वाढता नुसते आरपीएमच चढत असतील, तर क्लच प्लेटांची किंमत व्यवहारातून वजा करून मागावी.